जुनं ते सोनं? ब्राउझरमध्ये नाही!

‘कॉम्प्युटरचं तेवढं बघ गं’ हे वाक्य तुमच्या आसपास कुणाला उद्देशून म्हटलं जातं? बहुतेक वेळा तुम्हालाच. नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी तुम्ही, डोंबिवली एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत नुकताच लागलेला तुम्ही, कल्याण स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारा तुम्ही. ऑफिसात वयानं सगळ्यात लहान असता, पण कॉम्प्युटर अडला की सगळे तुमच्याकडेच बघतात. सोसायटीच्या कमिटीत तुम्हाला मत नसतं, पण सोसायटीचा पासवर्ड मात्र तुम्हालाच माहीत असतो.

आणि या सगळ्या ठिकाणी एक म्हातारा कॉम्प्युटर असतो. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम असतो. कारण काय? ‘त्यावर ती अमुक साइट चालते.’ त्या साइटला जुना ब्राउझर लागतो, त्या जुन्या ब्राउझरला जुनं प्लगिन लागतं, आणि ते प्लगिन अपडेट केलं की साइट रुसते. मग अपडेटची खिडकी रोज वर येते आणि रोज कुणीतरी ‘नंतर आठवण करा’वर क्लिक करतं. वर्षानुवर्षं!

हे धोकादायक आहे का? असं विचारलं की दोन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं, ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?’ दुसरं, ‘फॉरमॅट मार, सगळं उडव.’ दोन्ही उत्तरं आळशी आहेत. पहिल्यात धोक्याकडे बघायचा आळस आहे, दुसऱ्यात कामाकडे. आमचं म्हणणं एवढंच, की धोका मोजता येतो. तो मोजायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. आणि घरातला, ऑफिसातला ‘कॉम्प्युटरवाला’ तुम्हीच असाल, तर तो मोजणं हे तुमचं काम आहे.

आधी प्लगिन म्हणजे काय ते बघू

ब्राउझरला मुळात फक्त मजकूर आणि चित्रं दाखवता यायची. व्हिडिओ, गेम, अॅनिमेशन, बँकेची किंवा सरकारी सही हे सगळं करायला बाहेरचं सॉफ्टवेअर ब्राउझरला जोडावं लागायचं. तेच प्लगिन. फ्लॅश प्लेअर, जावा, इंटरनेट एक्सप्लोररचं अॅक्टिव्हएक्स ही त्यातली मोठी नावं.

एखाद्या सोसायटीची कल्पना करा. गेटवर वॉचमन आहे, सीसीटीव्ही आहे, येणाऱ्याची वहीत नोंद होते. पण तळमजल्यावरच्या एका दुकानदारानं मागच्या भिंतीला स्वतःचं दार काढून घेतलंय. त्याच्या गिऱ्हाइकांची सोय झाली, पण त्या दारावर वॉचमन नाही. जुन्या पद्धतीचं प्लगिन म्हणजे हे दार. ब्राउझर स्वतःपुरती कितीही काळजी घेवो, प्लगिन बऱ्याचदा त्या पहाऱ्याच्या बाहेर, तुमच्या कॉम्प्युटरवर तुम्हाला जेवढे अधिकार आहेत तेवढे घेऊन चालायचं.

आणि ‘हे डाउनलोड करा, मगच दिसेल’ याची सवय आपल्याला फार जुनी. तुमच्या आईबाबांना विचारा. २००० सालाच्या आसपास इंटरनेटवर मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्या वर्तमानपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं आणि चिन्हं दिसत. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. पुढे युनिकोड आलं आणि ती कटकट संपली. पण वेबसाइट मागेल ते मुकाट्यानं इन्स्टॉल करायचं, ही सवय काही संपली नाही.

दहापैकी दहा

व्हल्नरेबिलिटी म्हणजे सॉफ्टवेअरमधली फट. ती किती गंभीर आहे हे सांगण्यासाठी जगभरात शून्य ते दहा अशी गुणपद्धत वापरतात. तिचं नाव सीव्हीएसएस. परीक्षेत दहापैकी दहा मिळाले तर पेढे वाटतो, इथे दहापैकी दहा मिळाले तर पळापळ होते.

जानेवारी २०१३ मध्ये जावाच्या प्लगिनमधल्या एका फटीला असे दहापैकी दहा मिळाले. का मिळाले, ते समजून घ्या, कारण धोका मोजायचा कसा याचा धडा त्यातच आहे. एक, हल्ला इंटरनेटवरून करता येत होता, तुमच्या घरात शिरायची गरज नाही. दोन, त्यासाठी कुठलाही पासवर्ड लागत नव्हता. तीन, तो करायला फार अवघड नव्हता. तुम्ही फक्त एक वेबपेज उघडायचं, बाकीचं काम ते पेज करणार. चार, फट वापरता आली की समोरच्याला तुमच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता.

त्यावर कडी म्हणजे, दुरुस्ती यायच्या आधीच ही फट गुन्हेगारांच्या तयार ‘किट’मध्ये पोहोचली होती. म्हणजे हल्ला करणाऱ्याला स्वतः हुशार असण्याचीही गरज उरली नाही, किट मिळवलं की झालं. अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेनं लोकांना सरळ सांगितलं, ब्राउझरमधलं जावा बंद करा. ओरॅकल कंपनीनं १३ जानेवारीला दुरुस्ती दिली. तरीही गरज नसेल तर ते बंदच ठेवा, हा सल्ला कायम राहिला.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०१३ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं, की त्यांच्या काही कर्मचाऱ्यांनी मोबाइल डेव्हलपर्सची एक साइट उघडली, ती साइट आधीच कुणीतरी पोखरलेली होती, आणि जावाच्या तोवर कुणाला माहीत नसलेल्या फटीतून त्यांच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. ते लॅपटॉप पूर्ण अपडेट केलेले होते, अँटिव्हायरसही ताजा होता. युजर्सचा डेटा गेल्याचा पुरावा मिळाला नाही, असं कंपनीनं सांगितलं. पुढच्या काही दिवसांत अॅपलनंही असाच प्रकार आपल्याकडे झाल्याचं मान्य केलं.

आता विचार करा. ज्यांचं पोटच सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांचे अपडेट केलेले लॅपटॉप जर एका वेबपेजनं गाठले, तर ‘माझ्याकडे अँटिव्हायरस आहे ना’ या वाक्यात कितीसा दम उरतो?

मेलेला फ्लॅश आणि न मेलेली सवय

जावानंतर फ्लॅशकडे वळू. तुमच्यापैकी अनेकांचं बालपण फ्लॅशच्या गेम्सवर गेलंय. अडोबी कंपनीनं जुलै २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं, की २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद. तयारीला तब्बल साडेतीन वर्षं दिली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून अडोबीनं त्यात फ्लॅशचा मजकूर चालणंच बंद केलं.

मग काय झालं? चीनमधल्या दालियान इथल्या रेल्वेच्या कामकाजाची यंत्रणा फ्लॅशवर बेतलेली होती. ती अडकली आणि तिथल्या लोकांनी बंद न पडणारी फ्लॅशची पायरेटेड आवृत्ती टाकून काम पुन्हा सुरू केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. त्या खात्यानं करदात्यांसाठी फ्लॅश चालू राहील असा स्वतःचा वेगळा ब्राउझरच काढला! साडेतीन वर्षं मिळूनही घोडं गंगेत न्हालं नाही, म्हणून नदीच घरी आणली.

हसू येतं खरं. पण यामागचा मुद्दा गंभीर आहे. सपोर्ट चालू असलेलं सॉफ्टवेअर मागे पडलं तर ते अपडेट करता येतं. सपोर्ट संपलेल्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. त्यात उद्या जी फट सापडेल ती कायमची उघडी राहणार, कारण ती बुजवायला आता कुणी नाही. ‘जुनं’ आणि ‘अनाथ’ यात हा फरक आहे. धोका मोजताना तो आधी ओळखा.

आणि जाता जाता एक सोपा नियम. एखाद्या साइटवर ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, इथे क्लिक करून अपडेट करा’ असा फलक दिसला, तर तो खोटा आहे असं समजा. सपोर्ट संपलेल्या गोष्टीचा अपडेट येणार कुठून? फ्लॅश जिवंत असतानाही अशा खोट्या अपडेटच्या नावाखाली भरपूर व्हायरस खपवले गेले. मेल्यावर तर शंकेला जागाच नाही.

आपल्या गल्लीतला प्रश्न

दालियान आणि दक्षिण आफ्रिका लांब राहिले. ठाणे-डोंबिवलीत हा विषय सगळ्यात जास्त कुठे भेटतो माहितीये? डिजिटल सहीपाशी.

कंपन्यांची कागदपत्रं, इन्कम टॅक्स, ई-टेंडर या सगळ्याला डिजिटल सही लागू लागली. ती सही एका यूएसबी टोकनमध्ये असते. वेबसाइटनं त्या टोकनशी बोलायचं कसं? बरीच वर्षं याचं उत्तर होतं, ब्राउझरमधलं जावा. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं जुन्या पद्धतीच्या प्लगिनचा सपोर्ट पूर्ण काढला. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनं फ्लॅश वगळता बाकी प्लगिन बंद केली. ओरॅकलनं तर २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझर प्लगिनच काढून टाकलं. पण कामं थांबून चालणार होती थोडीच? मग ऑफिसांनी काय केलं, इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवला. जुनं जावा जपून ठेवलं. विंडोज ७ जपून ठेवलं. आजोबांचं पितळी तपेलं जपावं तसं!

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. दरम्यान पोर्टल्सही हळूहळू बदलली. ब्राउझरमधल्या प्लगिनऐवजी कॉम्प्युटरवर वेगळं सही करणारं सॉफ्टवेअर आलं, जीएसटीसाठीचं एमसाइनर हे त्याचं परिचित उदाहरण. म्हणजे ज्या कारणासाठी तो म्हातारा कॉम्प्युटर जपला, ते कारण कित्येक ठिकाणी आता उरलेलंही नाही. पण ‘हात लावू नका’ हा नियम मात्र शिल्लक आहे.

इथे पणाला काय लागलंय, ते नीट बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल सहीला हातानं केलेल्या सहीइतकीच कायदेशीर किंमत आहे. टोकनमधली गुप्त किल्ली सहजासहजी बाहेर काढता येत नाही, हे खरं. पण टोकन लावलेलं आहे, पिन टाइप केलेला आहे आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच्या ताब्यात आहे, अशी वेळ आली तर किल्ली चोरायची गरजच काय? तुमच्या टोकनवर त्याला हव्या त्या कागदावर सही होऊ शकते. ती सही कुणाची? क्लायंटची. टोकन कुणी लावलं? तुम्ही. आणि पिन कुठे लिहिलाय? टोकनवरच्या चिकटपट्टीवर!

वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींच्या हातात रोज इतक्या लोकांच्या सह्या सोपवल्या जातात, आणि त्या लावायच्या कशात तर अनाथ प्लगिनच्या कॉम्प्युटरमध्ये. काही वावगं झालंच तर सगळ्यात आधी विचारणा कुणाला होणार, हे वेगळं सांगायला नको.

पाच प्रश्न विचारा

म्हणून आता मोजमाप. एक कागद घ्या आणि हे पाच प्रश्न लिहा.

पहिला : नेमकं काय आहे आणि कितवं आहे? ‘जावा आहे’ हे उत्तर नाही. जावा किती, अपडेट किती, ब्राउझर कोणता, विंडोज कोणतं. कंट्रोल पॅनेलमध्ये इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी असते, ती वाचा. एकाच कॉम्प्युटरवर जावाच्या तीन-तीन आवृत्त्या सापडू शकतात, कारण नवी टाकताना जुनी काढायला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा : जुनं आहे की अनाथ आहे? कंपनीकडून अजून दुरुस्त्या येत असतील तर अपडेट करा, विषय संपला. येत नसतील तर पुढच्या प्रश्नाकडे या.

तिसरा : माहीत असलेल्या फटी कोणत्या, आणि त्या प्रत्यक्षात वापरल्या जातायत का? प्रत्येक फटीला सीव्हीई नावाचा क्रमांक असतो, आधी साल आणि मग आकडा. आपल्या देशाची सर्ट-इन ही यंत्रणा २००४ पासून काम करतेय आणि तिच्या साइटवर अशा फटींच्या सूचना येत असतात. अमेरिकेच्या सिसा या संस्थेनं नोव्हेंबर २०२१ पासून एक वेगळी यादी चालू केली आहे, ज्या फटी हल्लेखोरांनी खरोखर वापरल्या फक्त त्यांची. जावा आणि फ्लॅशमधल्या कित्येक वर्षं जुन्या फटीही त्या यादीत आहेत. कागदावर नऊ गुण असलेली पण कुणी न वापरलेली फट आणि सात गुणांची पण रोज वापरली जाणारी फट, यात आधी दुसरीची काळजी करा.

चौथा : या कॉम्प्युटरवर काय आहे, आणि तो कुठे कुठे जातो? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कुणी विचारत नाही. समजा, तीन कॉम्प्युटरवर तेच जुनं प्लगिन आहे. पहिला एका आजोबांकडे. त्याला इंटरनेटच नाही, नातवाच्या शाळेच्या वेळची एक जुनी शैक्षणिक सीडी त्यावर चालते. दुसरा सीएच्या ऑफिसात. त्यावर क्लायंट्सची टोकन लागतात आणि दुपारी जेवताना त्यावरच क्रिकेटचा स्कोअर बघितला जातो. तिसरा फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. त्यावर दिवसभर लोकांचे आधार, पॅन, मार्कशीट स्कॅन होतात आणि दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. फट एकच, तिचे गुणही तेवढेच. पण पहिल्याला फारसा धोका नाही, दुसऱ्याला मोठा आहे, आणि तिसऱ्यावर तर शेकडो लोकांचा धोका आहे, ज्यांना त्याचा पत्ताही नाही. गुण फटीला मिळतात. धोका मात्र माणसांना असतो.

पाचवा : काढून टाकलं तर काय अडेल? घाबरून उत्तर देऊ नका, करून बघा. आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग प्लगिन फक्त बंद करा आणि आठवडाभर काम चालवा. अडलं तर नेमकी कोणती साइट, कोणतं काम, महिन्यातून किती वेळा ते लिहा. बऱ्याचदा कळतं, की काहीच अडलं नाही.

आणि खरंच अडलं तर? मग त्या कामापुरता वेगळा कॉम्प्युटर ठेवा. त्यावर मेल नाही, यूट्यूब नाही, दुसरी कुठलीच साइट नाही. काम झालं की नेट बंद, टोकन कपाटात. एखादी साइट इंटरनेट एक्सप्लोररशिवाय चालतच नसेल तर मायक्रोसॉफ्ट एजमध्ये त्यासाठी ‘आयई मोड’ आहे, जो फक्त त्या साइटपुरता चालू करता येतो. नवा कॉम्प्युटर घ्यायला पैसे नसतात, ही सबब नाही, खरी अडचण आहे. म्हणूनच ‘सगळं बदला’ असं आम्ही म्हणत नाही. पण वेगळं ठेवायला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

प्लगिन गेलं, एक्स्टेन्शन आलं

‘आमच्याकडे नवा लॅपटॉप, नवा क्रोम, आम्ही सुटलो!’ असं वाटत असेल तर जरा थांबा. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात ते कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह दिसतंय ना, त्यावर क्लिक करा. किती एक्स्टेन्शन्स निघाली? त्यातली किती आठवतात?

गणपतीला कोकणात जायचंय, तिकीट मिळत नाही, म्हणून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर एक लिंक पाठवतं. हे एक्स्टेन्शन टाक, तत्काळचा फॉर्म आपोआप भरतं. टाकताना ते विचारतं, तुम्ही उघडाल त्या साइटवरची सगळी माहिती वाचू आणि बदलू का? आपण घाईत ‘हो’ म्हणतो. सकाळचे दहा वाजत आलेले असतात! तिकीट मिळो न मिळो, ते एक्स्टेन्शन मात्र पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच बसून असतं. तुमची बँक उघडली तरी, कॉलेजचं पोर्टल उघडलं तरी. प्रत्येक एक्स्टेन्शन वाईट असतं असं नाही. पण इतकी मोठी परवानगी कुणाला दिली, हे तरी माहीत हवं.

चांगल्या एक्स्टेन्शनचाही भरवसा कायमचा नसतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब्ज झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्याच्या मालकीचं झालं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर असल्याचं सांगून गुगलनं ते काढून टाकलं. तोवर ते लाखो लोक वापरत होते. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसव्या मेलनं गाठलं आणि ऐन नाताळात त्यांच्या एक्स्टेन्शनचा विषारी अपडेट वापरणाऱ्यांपर्यंत आपोआप पोहोचला. गंमत म्हणजे, ही कंपनी स्वतः डेटा सुरक्षेचंच काम करते.

म्हणजे अपडेट करू नये का? करायचाच. अपडेट न केल्यानं उघड्या राहणाऱ्या फटी या अशा अपघातांपेक्षा कितीतरी जास्त असतात. यातून शिकायचं ते वेगळंच. जेवढी दारं कमी, तेवढी राखण सोपी. जे वापरत नाही ते काढा. जे ठेवाल त्याला ‘सगळ्या साइट्स’ऐवजी ‘क्लिक केल्यावरच’ किंवा ‘फक्त याच साइटवर’ एवढीच परवानगी द्या. क्रोममध्ये ही सोय आहे.

दोष फक्त आपलाच?

इथवर सगळं आपण काय करायचं याबद्दल झालं. पण सगळा भार वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं आम्हाला मान्य नाही. म्हाताऱ्या कॉम्प्युटरमागे बहुतेक वेळा एखादी संस्था उभी असते. तिच्या मदतपुस्तिकेत लिहिलेलं असतं, ‘ब्राउझरची सुरक्षा पातळी कमी करा, पॉप-अप चालू करा, अॅक्टिव्हएक्सला परवानगी द्या.’ म्हणजे तुम्ही तुमच्या घराची कडी काढून ठेवा, म्हणजे आमचा माणूस पटकन आत येईल! स्वतःची यंत्रणा बदलण्याचा खर्च वाचवण्यासाठी आपला धोका लाखो लोकांवर ढकलणं, याला साध्या मराठीत काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

कल्याण-डोंबिवली महापालिका ही संगणकीकृत नागरी सुविधा केंद्र सुरू करणाऱ्या राज्यातल्या सुरुवातीच्या महापालिकांपैकी एक. ई-गव्हर्नन्सची वाट या भागानं लवकर धरली. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांच्याकडे जुनी यंत्रणाही लवकर साठते, हा कॉम्प्युटरचा नियमच आहे. म्हणून या भागातल्या तरुणांनी विचारणंही लवकर सुरू करायला हवं. महापालिका असो, कॉलेज असो, बँक असो की सोसायटीचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी असो, तीन साधे प्रश्न लेखी विचारा. तुमची साइट कोणत्या ब्राउझरवर चालते? त्यासाठी आम्हाला काही इन्स्टॉल करावं लागतं का, आणि लागत असेल तर त्याचा सपोर्ट कधी संपतो? आणि तुमच्या साइटमध्ये फट दिसली तर आम्ही कुणाला कळवायचं?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो सगळ्यात उपयोगी आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं संस्थांवर बंधनकारक आहे. संस्थेला लक्षात यायचं तर कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणाऱ्याला पत्ता हवा.

इथेच एक इशारा, आणि तो खास तुमच्यापैकी ज्यांना हॅकिंगचं वेड आहे त्यांना. स्वतःच्या कॉम्प्युटरवर काय वाटेल ते तपासा. पण कॉलेजच्या किंवा महापालिकेच्या साइटवर ‘बघू तरी फट आहे का’ म्हणून विनापरवानगी हत्यारं चालवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये तो गुन्हा ठरू शकतो. हेतू चांगला होता, हे नंतर पोलीस स्टेशनात सांगत बसावं लागेल. दिसलं ते लिहून काढा, संस्थेला कळवा, दाद लागली नाही तर सर्ट-इनला कळवा. आणि पैसे गेलेच असतील तर वाट बघू नका, १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

या रविवारी

रविवारी मेगाब्लॉक असतोच, बाहेर पडायचं तर दहादा विचार करावा लागतो. तेव्हा एक तास काढा. घरातल्या एका कॉम्प्युटरला पाच प्रश्न विचारा. फ्लॅश सापडला तर काढा. जावा सापडलं तर कशाला लागतं ते शोधा आणि लागत नसेल तर तेही काढा. एक्स्टेन्शन्सची यादी अर्ध्यावर आणा. सोमवारी ऑफिसात टोकनवरची पिनची चिकटपट्टी सोलून टाका आणि काम झालं की टोकन काढून ठेवायची सवय लावा.

हे करताना बाबांवर किंवा साहेबांवर खेकसू नका. त्यांनी तो कॉम्प्युटर निष्काळजीपणानं ठेवलेला नाही. एकदा अपडेट केल्यावर रिटर्नच्या शेवटच्या दिवशी साइट बंद पडली होती, याचा धसका त्यांनी घेतलाय. त्यांची भीती खरी आहे. फक्त ती एकाच बाजूला बघतेय. तुम्ही त्यांना दुसरी बाजू दाखवा, कागदावर, पाच प्रश्नांच्या उत्तरांसकट. ‘हे जुनं झालंय, काढा’ असं म्हटलं की वाद होतो. ‘यावर आपल्या सोळा क्लायंट्सच्या सह्या लागतात, याची दुरुस्ती आता येत नाही, आणि हे बंद करून आठवडाभर काम चाललं’ असं म्हटलं की निर्णय होतो.

घरात आणि ऑफिसात तुम्हाला ‘कॉम्प्युटरचं बघ’ म्हणून सांगतात ना? मग खरंच बघा.